सुटकेचा भोंगा

गेल्या मे महिन्यात मी माझ्या आईला फसवलं. पैशाबिशाचं काही नाही. मोबाइलवर एक आवाज शोधून काढला, फोन दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवला, आवाज होता तेवढा मोठा केला आणि तिला ऐकवला. ती उठली, दिवा लावला, "चला, सुटलो एकदाचे" म्हणाली आणि दूध तापवायला ठेवलं. एवढंच. कुणाचं काही वाईट झालं नाही, उलट त्या रात्री तिला गाढ झोप लागली. बायको तेव्हा नाशिकला माहेरी होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस की. तरी ती गोष्ट डोक्यातून जात नाही. दातात बडीशेप अडकावी आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जावी, तसं झालंय.

गुरुवार होता, ८ मे २०२५. ऑपरेशन सिंदूर आदल्या पहाटेचं आणि त्याच दुपारी चारला राज्यात ठिकठिकाणी मॉक ड्रिल, त्यात पुणंही. सोसायटीच्या ग्रुपवर याद्या फिरत होत्या. टॉर्च, मेणबत्त्या, रोख पैसे, सुका खाऊ, गोळ्या-औषधं, ट्रान्झिस्टर. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असाही एक मेसेज होता. तो खोटा असल्याचं सरकारने जाहीर केलं, पण तोवर आमच्या चौकातल्या मशीनपुढे रांग लागून, ओसरून, पुन्हा लागली होती. आईने चष्मा नाकावर ओढून माझ्या फोनवर ती यादी वाचली, अगदी वाण्याची यादी तपासावी तशी, आणि म्हणाली, "यात काळा कागद लिहिलेला नाही. आणि खळ." मी हसलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने काळा कागद मागावा यात हसण्यासारखं काय होतं, ते आता सांगता येणार नाही.

रात्री पावणेअकराच्या पुढे मी घरात शिरलो. घर काळोखात. लाइट गेली म्हणावं तर लिफ्ट चालू होती, पॅसेजमधली ट्यूब चालू होती. लॅच उघडून आत आलो, बटणाकडे हात नेला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "दिवा लावू नकोस." आणि त्या आवाजापाठोपाठ लसणाचा वास. डोळे सरावल्यावर ती दिसली. ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, खिडकीपासून लांब, पाटावर बसली होती. मांडीत स्टीलचं पातेलं, त्यात सोललेल्या लसणाच्या पाकळ्या. पावशेर तरी असतील. टॉर्च शेजारी, पण विझवलेला. गॅस बंद, खालचा रेग्युलेटरसुद्धा बंद. "साडेनऊच्या सुमाराला भोंगा झाला," ती हळू आवाजात म्हणाली, मोठ्याने बोललं तर वर विमानात ऐकू जाईल अशा बेताने. "तेव्हापासून बसलेय. मधेमधे परत वाजतोय. सुटकेचा काही अजून झालेला नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडे तो पुन्हा वाजला.

खालून वर चढत जाणारा, वरून घसरत खाली येणारा, पोटात गोळा आणणारा. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारच्यांचा हॉल यांच्यात एकच भिंत आहे. त्या भिंतीला टेकूनच त्यांचा वूफर ठेवलेला असतो. त्यामुळे तो भोंगा नुसता कानाला ऐकू येत नव्हता, मांडणीतल्या वाट्या किणकिणत होत्या, पाटावर बसलेल्या माणसाच्या अंगात तो शिरत होता. "अगं आई, टीव्ही आहे तो," मी म्हणालो. "बाजूला बातम्या लावल्यात. बातम्यांच्या मागे वाजवतात तसं." आईने माझ्याकडे पाहिलं असावं, अंधारात दिसलं नाही. "टीव्हीवाले कशाला वाजवतील भोंगा?" ती म्हणाली. "भोंगा काय कुणीही वाजवायचा असतो का?"

याला मी काय उत्तर देणार? बातम्यांच्या मागे नगारे वाजतात, तलवारीचे खणखणाट वाजतात, पावसाच्या बातमीला ढगांचा गडगडाट वाजतो, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात भोंगाही वाजतोय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या डोक्यात मात्र भोंगा म्हणजे आवाज नव्हे, हुकूम. तो आला की उठायचं, दिवा मालवायचा, विस्तव विझवायचा आणि दुसरा हुकूम येईपर्यंत बसून राहायचं. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौपन्न वर्षांपूर्वी शिकलेलं ती विसरली नव्हती, इतकंच.

१९७१ च्या डिसेंबरात ती गिरगावात होती. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. चाळीतला दुसरा मजला, दोन खोल्या, घरात सहा माणसं. रेडिओ मजल्यावर एकच, शेवटच्या बिऱ्हाडातल्या अण्णांचा मर्फी. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, परवान्याचं पुस्तक त्याच्या मागे खोचलेलं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानं आली आणि मध्यरात्र उलटल्यावर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या, तेव्हा अख्खा मजला गॅलरीत उभा होता. थंडी होती, आई सांगते, आणि कुणीतरी सगळ्यांना चहा दिला, पण कुणी ते आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. मैद्याची खळ केलेली असायची, तिचा आंबूस वास आणि वर झुरळं. गॅलरीतल्या दिव्याला कागदाची टोपी. खाली रस्त्यावर मोटारींच्या दिव्यांवर वरून अर्धा काळा रंग. एखाद्या फटीतून उजेड दिसला की खालून वॉर्डनची शिट्टी आणि मग शिवी, ती बहुतेक वेळा चुकीच्या खोलीला. या सगळ्यात महत्त्वाचे भोंगे दोन. वरखाली होणारा म्हणजे धोका. सलग, एका पट्टीत वाजणारा म्हणजे संपलं. वॉर्डन त्याला ऑल क्लिअर म्हणायचे, चाळीतल्या बायका सुटकेचा भोंगा. मधल्या वेळात काय करायचं हा प्रश्न असायचा, कारण अंधारात शिवण होत नाही, निवडणं होत नाही. आईने लसूण सोलायला घेतला. लसणाला डोळे लागत नाहीत. त्या चौदा दिवसांत आपल्या घरात इतका लसूण सोलला गेला की सासूबाई शेवटी म्हणाल्या, लढाई थांबेस्तोवर आता रोज ठेचाच करा.

त्या चाळीतली एक बाई आईच्या बोलण्यात नेहमी येते. जिन्याजवळच्या खोलीतली. तिचा धाकटा भाऊ नौदलात होता. बातम्यांच्या वेळी सगळे अण्णांच्या दारात गोळा व्हायचे, ही मात्र रेडिओजवळ यायचीच नाही. गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला कठड्याला टेकून उभी राहायची आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायची. आपल्या बोटींनी कराचीवर मारा केला, तेलाच्या टाक्या पेटल्या, ही बातमी आली तेव्हा सगळे ओरडले, टाळ्या वाजवल्या. ती तेवढ्यावरून ओळखायची, चांगलं काहीतरी झालं. ९ तारखेला दीवच्या समुद्रात आपली खुखरी ही बोट बुडाली. ती बातमी चाळीत आली तेव्हा कुणी ओरडलं नाही आणि ती बाई तिथूनच मागे वळून खोलीत गेली. तिचा भाऊ त्या बोटीवर नव्हता. हे कळायला मात्र मधे काही दिवस गेले. त्या दिवसांत ती रोज जिना झाडायची, सकाळ-संध्याकाळ, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

आता शेजारच्या साउंडबारकडे येतो. मुलगा तिशीतला आहे, हिंजवडीला नोकरी करतो, मला काका आणि आईला आजी म्हणतो. कोविडमध्ये आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या यानेच तीन दुकानं पालथी घालून आणल्या होत्या. वाईट म्हणावा असा त्याच्यात एकही गुण नाही. दिवाळीत त्याने पंचावन्न इंची टीव्ही घेतला आणि आठवड्याभरात लक्षात आलं की चित्र असं की खेळाडूच्या दाढीचे केस मोजावेत आणि आवाज मात्र डब्यातून बोलल्यासारखा. टीव्ही जसजसा बारीक होत गेला तसतसा त्याचा घसा बसत गेला. पूर्वीच्या खोक्यात, म्हणजे आमच्या शटरवाल्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, तळहाताएवढा स्पीकर समोर तोंड करून बसलेला असायचा आणि मागे लाकडाची पोकळी. आताच्या बोटभर जाडीच्या टीव्हीत स्पीकर ठेवायला जागा उरत नाही, तो खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून पुटपुटतो. म्हणजे कंपनी आधी आवाज काढून घेते आणि मग वेगळ्या खोक्यात घालून विकते. सोबत वूफर. आपल्याकडे त्या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, डॉल्बी. गणपतीत रस्त्यावर होता तो हॉलमध्ये आला. मी त्याला एकदा म्हटलं होतं, अरे, एवढा आवाज कशाला लागतो? तर म्हणाला, "काका, आवाज नसेल तर मॅच बघण्यात काय मजा?" त्या गुरुवारीही तो मॅचच बघत होता. धरमशालाची, पंजाब-दिल्ली. दहा-अकरा षटकं झाली आणि दिवे गेले, मॅच थांबली, मैदान रिकामं करायला सुरुवात झाली. तेव्हा त्याने चॅनल बदललं. आईचं साडेनऊ आणि त्याचं चॅनल बदलणं एकाच वेळचं.

इथे एक गोष्ट मघाशी सांगितली नाही.

मी लिफ्टमधून बाहेर आलो तेव्हा माझ्या दारात गेलोच नाही. त्याचं दार उघडं होतं. आत चार-पाच मुलं, पिझ्झ्याचे खोके आणि भिंतभर लाल रंग. "काका, या या, कराची!" तो ओरडला आणि मी बॅग खांद्यावर तशीच ठेवून उंबऱ्यात उभा राहिलो. स्क्रीनवर चार चौकटी, चौघं एकदम बोलत होते, खाली पट्ट्या धावत होत्या. कराची बंदर उद्ध्वस्त. याच्यावर हल्ला, त्याचा ताबा, अमुक पळाला. मधेच आग, पण ती कुठली ते कळत नव्हतं. आणि मागे भोंगा. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. पहलगामनंतर पंधरा दिवस आत काहीतरी साठलेलं होतं, ते मोकळं होत होतं. अंगावर काटा आला होता आणि तो भीतीचा नव्हता. कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली. पाचेक मिनिटं, असं मी बायकोला सांगितलं. पाच नव्हती, वीस असतील. त्या वीस मिनिटांत त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला आई पाटावर बसून लसूण सोलत होती. सुटकेचा भोंगा का होत नाही याचं तिला कोडं पडलं होतं आणि मी एवढा वेळ आलो नाही म्हणून मनातून चरकलीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कराची जागेवर होती. आपल्या नौदलाने तिच्यावर हल्ला केलेला नव्हता. बहुतेक चॅनलांनी विषय बदलला आणि आमच्या लिफ्टनेही बदलला. आदल्या रात्री ग्रुपवर नकाशे टाकणाऱ्या एका गृहस्थांनी सकाळी सातला पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक टाकलं आणि त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी आईला काही सांगितलं नाही. तिनेच विचारलं, "रात्री ती मुलं कराची कराची ओरडत होती ना? तेव्हाही कराचीच होती." मी म्हणालो, हो. तेव्हाची खरी होती, आताची नाही, एवढं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते म्हटलं असतं तर पाठोपाठ भोंग्यावर यावं लागलं असतं.

यावर कुणी म्हणेल, पूर्वीचं ते बरं होतं. एक आवाज, एक बातमीपत्र, विषय संपला. मला तसं म्हणायचं नाही. प्रदीप भिडे बातम्या वाचायचे तेव्हा मागे नगारा वाजत नव्हता हे खरं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या की आमच्याकडे इस्त्री बंद व्हायची आणि वडील दाढीचा ब्रश हातात धरून उभे राहायचे, हेही खरं. पण तोच शांत आवाज १९७५ च्या जूननंतर, आणीबाणीत, वीस-एकवीस महिने काय सांगत होता आणि काय सांगत नव्हता, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक होतं. तेव्हाच बाबांनी शॉर्टवेव्हवाला तीन बँडचा ट्रान्झिस्टर घेतला. घरात रेडिओ असताना दुसरा कशाला, या आजीच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, एक ऐकायला आणि एक पडताळायला. ३१ ऑक्टोबर १९८४ ला मी अकरा वर्षांचा होतो, आम्ही पुण्याला येऊन पाच वर्षं झाली होती. दुपारी बाबा ऑफिसातून लवकर आले, बूट न काढता खाटेवर बसले आणि कानाला ट्रान्झिस्टर लावून ती बारीक चकती केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिले. शिट्ट्या, खरखर, मधेच अरबी गाणं, आणि मग बीबीसी. त्यांनी ट्रान्झिस्टर खाली ठेवला. "गेल्या," म्हणाले. इंदिराबाई गेल्याचं आकाशवाणीने सांगेपर्यंत संध्याकाळ झाली. म्हणजे भोंगा खोटा वाजवण्याचं पाप त्या रेडिओने केलं नाही, पण वाजवायला हवा तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरणं त्याला चांगलं जमायचं. फरक एवढाच की बाबांच्या हातात चकती होती. एका ठिकाणी पटलं नाही तर दुसरीकडे जाता यायचं आणि दुसऱ्या ठिकाणी खरोखर दुसरं काहीतरी लागायचं. त्या रात्री शेजारच्या मुलाने माझ्यादेखत चारदा चॅनल बदललं. चारही ठिकाणी तोच भोंगा होता.

तो ट्रान्झिस्टर माळ्यावर आहे हे मला ८ तारखेनंतर आठवलं. काढला तर मागचं झाकण उघडेना. सेल आतच राहिले होते, फुटून त्यांचा हिरवट-पांढरा क्षार पत्र्यांना धरला होता. शनिवारी सकाळी तो पिशवीत घालून तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर, होल्डर, एलईडीच्या माळा, चार्जर, रिमोट असं वीज लागणारं सगळं मिळतं, फक्त चालायला जागा मिळत नाही. दोन दुकानदारांनी पिशवीत डोकावून मान हलवली. एकाने नवा ब्लूटूथवाला दाखवला, त्यात टॉर्च, पेनड्राइव्ह, चारशे भक्तिगीतं. तिसऱ्याने जिन्याखालच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे बोट केलं. त्यांनी झाकण स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटलं, आत फुंकर मारली आणि पहिल्यांदा वास घेतला. मग पत्रे घासले, व्हॉल्यूमच्या बटणात स्प्रे मारून ते पंधरा-वीस वेळा गरागरा फिरवलं, डायलची दोरी तुटलेली होती ती गाठ मारून पुली-पुलीवरून ओढून घेतली, एक कंडेन्सर बदलला. सोल्डरचा तो राळेसारखा वास येताच मला एकदम बाबांची बसण्याची ढब आठवली, का ते सांगता येणार नाही, बाबांनी आयुष्यात सोल्डर केलं नव्हतं. "शॉर्टवेव्ह कशाला ऐकताय आता?" मेकॅनिक म्हणाले. "बीबीसी हिंदी गेलं ना २०२० ला. मीडियम वेव्हला पुणं लागेल, ७९२ वर. पण साहेब, घरातले एलईडी बंद करा आधी. हे दिवे, मोबाइलचे चार्जर, वॉशिंग मशीन, सगळे खरखर सोडतात. सेट चांगला आहे, हवा खराब झालीय." साडेतीनशे रुपये घेतले. मी सेल वेगळे घेतले.

त्याच शनिवारी, १० तारखेला, दोन गोष्टी कळल्या. संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली, तीही आपल्याला आधी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पोस्टवरून आणि मग आपल्या परराष्ट्र सचिवांकडून. दुसरी गोष्ट कोपऱ्यात होती. नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाने सगळ्या वाहिन्यांना सांगितलं होतं की १९६८ च्या कायद्यानुसार हे सायरन तुमच्या कार्यक्रमांत वाजवू नका. रोज वाजवत राहिलात तर लोकांना त्याची सवय होईल आणि खरा वाजेल तेव्हा कुणी हलणार नाही. मी ते दोनदा वाचलं. भोंगा काय कुणीही वाजवायचा असतो का, हे सरकारला कायद्याचं नाव काढून लिहावं लागलं होतं. आईने ते गुरुवारी रात्रीच अंधारात विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ते तिला वाचून दाखवायला निघालो, आणि दारातच थांबलो. कारण तो नियम मलाही लागू होता.

म्हणजे त्या गुरुवारी शेवटी काय झालं ते सांगायला हवं. टीव्ही आहे, हे तिला पटेना. शेजारी गेलो, त्या मुलाला म्हटलं, आवाज कमी कर, आई घाबरलीय. त्याचा चेहरा उतरला. "सॉरी काका, आजी एकट्या आहेत हे डोक्यातच आलं नाही." त्याने टीव्हीच बंद केला. मला वाटलं, झालं. परत आलो तर ती तशीच. आता शांतता होती, आणि शांततेने तिचं समाधान होत नव्हतं, कारण शांतता म्हणजे काही सुटका नव्हे. एकाहत्तरलाही पहिला भोंगा थांबल्यावर शांतताच असायची, विमानं तिच्यातच यायची. "झाला का रे सुटकेचा?" तिने विचारलं. तिचे पाय आखडले होते. पाटावरून तिला दर दहा मिनिटांनी उठावं लागतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि ती सव्वा तास हललेली नव्हती. माझ्या लक्षात आलं की चॅनलवाल्यांनी रात्रभर धोक्याचाच भोंगा वाजवला होता. सलग वाजणारा, संपल्याचा, त्यांच्याकडे नव्हताच. त्याला लोक थांबत नाहीत. मग मी पॅसेजमध्ये आलो, फोनवर शोधलं, सापडला. कुण्या हौशी माणसाने कुठल्याशा परदेशी गावातल्या सायरनचं रेकॉर्डिंग टाकलं होतं. फोन कपाटावर ठेवला, बटण दाबलं, आणि पूर्ण आवाजात एक बाई वॉटर प्युरिफायरबद्दल सांगू लागली. पाच सेकंदांनी जाहिरात ढकलता येते. ते पाच सेकंद मी दोन्ही हातांनी फोन दाबून धरला, तान्ह्या पोराचं तोंड दाबावं तसा. मग तो आवाज आला. एकाच पट्टीत, लांबलचक, न डगमगता. लहानशा स्पीकरमधून येत असल्यामुळे खरंच कुठूनतरी लांबून, नदीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. आत पाट सरकल्याचं ऐकू आलं. मग दिवा लागला.

आता तो ट्रान्झिस्टर फ्रिजवर असतो. मेकॅनिक म्हणाले ते खरं निघालं. स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब चालू असली की ७९२ वर नुसती माशी घोंगावते. त्यामुळे सकाळी सातला आई चहाचा कप घेते, ट्यूब बंद करते आणि अंधारात उभी राहून बातम्या ऐकते. थंडीच्या दिवसांत तेव्हा बाहेरही पुरतं उजाडलेलं नसतं. पहिल्यांदा मी उठून आलो आणि ती तशी दिसली तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. ती म्हणाली, "काही नाही रे, पुरंदरला पाणी सोडणारेत." शेजारच्या मुलाने वूफर भिंतीपासून काढून बाल्कनीच्या बाजूला नेलाय. आईला अधूनमधून क्रिकेटचा स्कोअर सांगायला येतो. तिला क्रिकेट कळत नाही, पण त्याला चहा द्यायला कारण मिळतं.

यंदा ३० जानेवारीला शुक्रवार होता, मी घरून काम करत होतो. अकराला एक मिनिट कमी असताना पलीकडच्या सरकारी कार्यालयाचा भोंगा झाला. हुतात्मा दिनाचा. आईने आमटीखालचा गॅस बंद केला, पळीतलं तेल तसंच खाली ठेवलं आणि ओट्याला एक हात टेकून उभी राहिली. मीही खुर्चीतून उठलो. रस्त्यावर रिक्षा चालूच होत्या, कुणीतरी हॉर्न देत होतं. दोन मिनिटांनी दुसरा भोंगा झाला, सलग, एका पट्टीत. तो पूर्ण थांबेपर्यंत ती हलली नाही.

"हा खरा," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, आणि फोडणीसाठी लसूण ठेचायला घेतला.